मामांच्या औषधाला आला फेस

मी वाईनच्या फॅक्टरीत कामाला लागले तेव्हा आमच्या घरात बैठक बसली. मुलीने नोकरी करावी की करू नये हा विषयच नव्हता. विषय एवढाच होता की शिनोलीच्या मामांना काय सांगायचं.

मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. ते प्राथमिक शाळेतले गुरुजी. रिटायर झाले आणि दुसऱ्याच महिन्यात गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष झाले. रस्त्यात कुणाच्या तोंडाला वास आला की मामा त्याला हात धरून पारावर बसवायचे आणि एकोणतीसचा पाढा म्हणायला लावायचे. तो पाढा शुद्धीवरच्या माणसालाही येत नाही. त्यामुळे मामांच्या परीक्षेत नापास होणाऱ्यांत पिणारे थोडे आणि न पिणारेच जास्त असायचे.

"द्राक्षाच्या रसाची फॅक्टरी म्हणून सांगू," वडील म्हणाले. "खोटं काय हाये त्यात? रसच असतो."

"आन रसाचं पुढं काय करत्यात, ते इचारलं तर?" आईने शंका काढली.

"बाटलीत भरत्यात म्हणायचं."

झालं. मी रसाच्या फॅक्टरीत लागले. आत्याला मात्र वडिलांनी खरं सांगून टाकलं, कारण बहिणीपासून त्यांना काही लपवता येत नसे. आत्या ऐकून म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस. मास्तरांचं मी बघते." नवऱ्याला ती मास्तरच म्हणायची.

दोन हजार साल उलटून थोडेच दिवस झाले होते. ओतूरच्या कॉलेजात मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं होतं. पिंपरी पेंढारहून एस.टी.ने तासाभरावर फॅक्टरी. तिथे मला पांढरा कोट मिळाला, काचेच्या नळ्या मिळाल्या आणि साखर मोजायचं काम मिळालं. द्राक्षातली साखर, रसातली साखर, टाकीतली साखर. संध्याकाळी घरी आले की चहात साखर किती घालू असं आईने विचारलं तरी अंगावर यायचं.

पहिल्या आठवड्यात माझी अशी समजूत होती की फसफसणारी वाईन म्हणजे साध्या वाईनीत सोडा घालत असणार. जेवणाच्या सुट्टीत मी तसं बोलूनही दाखवलं. शेजारी एक कामगार डबा खात बसला होता, सगळे त्याला भाऊ म्हणायचे. तळघरात बाटल्या फिरवायचं काम करायचा. हातातली भाकरी डब्यात ठेवून तो हळूच म्हणाला, "ताई, हे साहेबांच्या कानावर घालू नका. आठ दिवस जेवायचे न्हाईत ते."

साहेब म्हणजे वाईन बनवणारे मुख्य. ते एरवी शांत, पण सोड्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा आपल्या घरी चोरी झाल्यासारखा व्हायचा.

डबा झाल्यावर त्या भाऊने मला आधी टाक्यांच्या शेडमध्ये नेलं. स्टीलच्या उंच टाक्या. त्याने एका टाकीला कान लावायला सांगितलं. आत गुणगुण चालली होती, लांबच्या देवळातून भजन ऐकू यावं तशी. टाकीच्या डोक्यावरून एक नळी खाली येऊन पाण्याच्या बादलीत बुडवलेली, आणि बादलीत सारखे बुडबुडे.

"रसातली साखर यीस्ट खातंय," तो म्हणाला. "दारू व्हतीय आन गॅस सुटतोय. गॅस चालला नळीतनं बाहेर, हवेत. बादली गप झाली का समजायचं, साखर संपली. ही साधी वाईन. आता चला खाली."

खाली तळघर होतं. गार, अर्धवट अंधाराचं. भिंतीला लागून हजारो बाटल्या आडव्या रचलेल्या. पुढे लाकडी फळ्यांचे तिरपे घोडे, त्यांना भोकं पाडलेली, आणि प्रत्येक भोकात एक बाटली मान खाली घालून खोचलेली.

"वर झालेलीच वाईन हितं बाटलीत भरायची," तो सांगू लागला. "संगं परत थोडी साखर, थोडं यीस्ट. आन बूच गच्च. यीस्ट पुन्हा खायला लागतं, गॅस पुन्हा सुटतो. पर आता जाईल कुठं? दारं बंद. मग बसतो वाईनीतच मुरून. एस.टी.च्या टायरात असती ना, तेवढी हवा दाबून बसलेली असती ह्या एकेका बाटलीत. म्हणून काच बघा केवढी जाड हाय."

यीस्ट मेलं की त्याचा गाळ बाटलीत राहतो. तो मानेत उतरावा म्हणून बाटली उलटी लावायची आणि रोज थोडी थोडी फिरवायची. नंतर मान गोठवून बूच काढलं की आतल्या दाबाने गाळाचा खडा फाडकन उडून बाहेर पडतो. मग खरं बूच आणि वर तारेची जाळी. हे सगळं सांगताना त्याचे दोन्ही हात बाटल्यांवरून चालत होते. दोन बाटल्या, एक हिसका, पुढच्या दोन. त्याचा आजा मेंढ्या घेऊन कोकणात उतरायचा. "आजा मेंढरं वळायचा, मी बाटल्या वळतो," तो म्हणाला. "मेंढरं निदान पळत्यात तरी. ह्या बाया जाग्यावर फुटत्यात."

त्याच्या कपाळावर पांढरट व्रण होता. मी तो बघितला आणि बाटल्यांपासून दोन पावलं मागे सरकले.

दीड वर्ष अशा नोकरीत गेलं. माझं नाक इतकं तयार झालं की एस.टी.त शेजारच्या बाईच्या पिशवीतलं दही आजचं की परवाचं, हे मी न बघता सांगायचे. त्या नाकानेच पुढचा घोळ घातला.

आषाढात दोन दिवसांची रजा काढून मी शिनोलीला आत्याकडे गेले. दिवेलागणीला मामा हातपाय धुऊन पाटावर बसले. आत्याने माजघरातून अर्धी वाटी काहीतरी आणून दिलं. गडद जांभळं. मामांनी डोळे मिटले, तीर्थ घ्यावं तशी वाटी ओठाला लावली आणि संपवली.

"पोटासाठी," ते मला म्हणाले. "गॅसेसचा फार त्रास होता. घोडेगावच्या डॉक्टरांनी हात टेकले. तुझ्या आत्याने जांभळाचं औषध काढलं. दोन वर्षं झाली, पोट एकदम स्वच्छ. ॲलोपॅथीत हे नाही."

रिकामी वाटी उचलायला मी वाकले आणि वास आला. मी वाटी घेऊन सरळ चुलीपाशी आत्याकडे गेले.

"आत्या, हे कसं करतेस गं?"

"काय न्हाई त्यात. जांभळं कुस्करायची. साखर घालायची. चिनीमातीच्या बरणीत भरून तोंडाला फडकं बांधायचं. आठ-धा दिवस लई बुडबुडतं, उकळी फुटल्यावानी. मग गप व्हतं. गप झालं की गाळायचं. जुनं झालं का आनखी गुण येतो."

"आत्या, ही वाईन आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे दारू."

आत्याने आधी दाराकडे बघितलं. बाहेर मामा मोठ्याने वर्तमानपत्र वाचत होते. मग तिने पदर तोंडावर धरला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. जवळ जाऊन बघते तर हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेलं.

"तरीच," ती कशीबशी म्हणाली. "तरीच औषध घेतल्यावर मास्तर मला जेवण चांगलं झालंय म्हणत्यात. लगीन झाल्यापून कधी म्हणले नव्हते."

"आता काय करायचं? सांगायचं का?"

"येडी का तू? अध्यक्ष हायेत ते. पोट बरं हाय, जेवण गोड लागतंय. कशाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा?"

मीसुद्धा त्यांना दीड वर्ष रसच पाजत होते, मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता आत्याने फॅक्टरीचा विषय काढला. पेपरात तिने फोटो बघितला होता, कुणीतरी बाटली उडवतंय आणि फेसाचं कारंजं. "तसलं पण करता तुमी? त्येच्यात आन माझ्या औषधात फरक काय?"

मी तिला टाकी, बादली, तळघर, सगळं सांगितलं. आत्याला एक गोष्ट एकदाच सांगावी लागायची. तांदळातला खडा बाजूला फेकून ती म्हणाली, "म्हंजी माझ्या बरणीत जे बुडबुडतं, ती सगळी गंमत फडक्यातनं उडून जाती. आन तुमी ती गंमत कोंडून ठेवता."

साहेबांनी मला आठवडाभर घेऊन जे शिकवलं ते आत्याने एका खड्यात उरकलं. आणि लगेच पुढे, आवाज खाली आणून, "आपल्याला यील का गं करायला?"

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी पंचविशीच्या आतली, केमिस्ट्री शिकलेली, आणि जांभळाची फसफसणारी वाईन अख्ख्या तालुक्यात कुणी केली नव्हती. पुढच्या खेपेला मी फॅक्टरीतून टाकून दिलेल्या दोन जाड बाटल्या आणल्या. शोभेला पाहिजेत म्हणून मागून घेतल्या होत्या. प्लास्टिकची बुचं आणि तारेच्या जाळ्या आणल्या. कागदाच्या पुडीत चिमूटभर यीस्ट आणलं. मामा समितीच्या कामाला घोडेगावला गेले होते. आम्ही दोघींनी दार लावून घेतलं, बाटल्या धुतल्या, बरणीतलं औषध भरलं. साखर मी मोजून घातली. मोजणं तर माझा धंदाच होता. बूच ठोकलं, तार पिळली आणि दोन्ही बाटल्या आतल्या खोलीत, भाताच्या कणगीमागे गोणपाटाखाली आडव्या ठेवल्या.

"दोनच बाटल्या," मी आत्याला बजावलं. "दुसऱ्या कुठल्या बाटलीत भरायचं नाही. साधी काच फुटते."

"मी कशाला भरू?" आत्या म्हणाली.

मी निघाले. आणि आत्याने त्याच आठवड्यात आणखी सहा भरल्या.

त्या सहा बाटल्या कुठून आल्या, ही खरी मौज. समितीने त्या वर्षी ओढ्याकाठचा एक दारूचा अड्डा उठवला होता. तिथे सापडलेल्या देशीच्या रिकाम्या बाटल्या मामांनी पोत्यात भरून माळ्यावर ठेवल्या होत्या. दोन ऑक्टोबरला शाळेत प्रदर्शन मांडायचं होतं, दारूचे दुष्परिणाम. आत्याने पोत्यातल्या सहा उचलल्या, राखेने घासल्या, औषध भरलं, अंदाजाने मूठमूठ साखर सोडली, माझ्या पुडीत उरलेलं यीस्ट टाकलं आणि फिरकीची झाकणं दातओठ खाऊन आवळली. बाटलीवरचे कागद काही तिने काढले नाहीत. काढायचे कशाला, प्रदर्शनाला पुन्हा लागणार होते.

श्रावणात एका सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम शिनोलीला गेले. बाटल्यांचं काय झालं ते बघायचं होतं. पोचले तर ओसरीवर समितीची सभा भरलेली. मामा खुर्चीवर, समोर सतरंजीवर गावातल्या सात-आठ बायका. समितीच्या उपाध्यक्ष अंगणवाडीच्या बाई त्यांच्या शेजारी वही घेऊन बसलेल्या. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान लागणार होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असणार होती, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या, आडवीवर शिक्का म्हणजे बंद करा. मामा ते समजावून सांगत होते.

"नीट लक्षात ठेवा," बोट वर करून ते म्हणाले. "बाटली कशी पाहिजे आपल्याला?"

"आडवी!" बायका एका सुरात.

"आपल्या घरात बाटली कशी?"

बायका गोंधळल्या. तेवढ्यात आतून धाडकन आवाज झाला.

सगळ्या दचकल्या. मी दारातच उभी होते. आत्याने माझ्याकडे बघितलं, मी आत्याकडे.

"कुकरची शिट्टी उडाली असंल," आत्या म्हणाली.

मामांनी मान हलवली आणि पुढे बोलायला तोंड उघडलं, तोच दुसरा आवाज. ह्या वेळी काचा खळखळल्या.

"कुकर किती हायेत काकी?" एका बाईने विचारलं.

तिसरा आवाज झाला आणि मग चौथा न् पाचवा जोडीनेच. एक फुटली की तिच्या हिसक्याने शेजारची फुटते, हे मला तळघरातल्या भाऊने सांगितलं होतं, पण बघायचा योग शिनोलीत आला. आतल्या खोलीच्या उंबऱ्याखालून एक जांभळी धार हळूहळू ओसरीवर आली. फेस धरून, फसफसत. ती सतरंजीच्या कडेला येऊन थांबली. बायकांनी पाय वर घेतले.

"औषध हाय," आत्या म्हणाली. "जांभळाचं."

अंगणवाडीच्या बाई उठल्या आणि आत गेल्या. मामा मागोमाग. मी मामांच्या मागे. कणगीला, भिंतीला, वर पार वाश्यांपर्यंत जांभळे शिंतोडे उडालेले. जाड गोणपाट होतं म्हणून काचा इकडेतिकडे उडाल्या नव्हत्या. बाईंनी काठीने गोणपाट बाजूला केलं. खाली फुटलेल्या देशी दारूच्या बाटल्या, त्यांच्यावरचे कागद शाबूत. एक न फुटलेली, पण झाकण फुगून वर आलेली. आणि माझ्या दोन जाड बाटल्या, त्यांना काहीच झालं नव्हतं.

दारूबंदी समितीच्या अध्यक्षांच्या घरात, कणगीमागे, भरलेली देशीची बाटली. बाईंनी नुसतं मामांकडे बघितलं. मामा बाटलीवरचा कागद वाचत होते. जप्त करताना प्रत्येक बाटलीवर त्यांनी स्वतःच्या हाताने नंबर घातला होता.

"ही माझी सतरा नंबरची," ते म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता.

"कुणी हात लावू नका, ती पण फुटेल," मी ओरडले. ओलं गोणपाट त्या बाटलीवर टाकलं आणि सगळ्यांना ओसरीवर ढकललं. मग मला बोलावंच लागलं. सतरंजीच्या कडेला उभं राहून मी साखर, यीस्ट, गॅस, दाब, सगळं सांगितलं. साध्या वाईनीचा गॅस कसा उडून जातो आणि कोंडला तर काय होतं, हे सांगताना मागून सहावी बाटली फुटली. साहेबांच्या कुठल्याही व्याख्यानाला इतकं चांगलं प्रात्यक्षिक मिळालं नसेल.

मामा खुर्चीवर बसले. "तुला हे एवढं कसं ठाऊक?"

"आमच्या फॅक्टरीत हेच करतात."

"रसाच्या?"

"हो. म्हणजे रसाचं पुढे जे होतं त्याच्या."

मामांनी ते मनात नीट मांडून घेतलं. गुरुजी होते, एक पायरी न गाळता ते उत्तरापर्यंत यायचे. "म्हणजे हे जे बाटलीत भरलं होतं, ते आधीच दारू होतं."

"हो."

"आणि ते माझ्या बरणीतलं होतं."

"हो मामा."

"म्हणजे मी दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ…"

"सकाळी न्हाई," आत्या घाईने म्हणाली. "फकस्त सांजच्याला."

पहिल्यांदा कोण हसलं ते मला आठवत नाही. पण एकीला फुटलं आणि मग सगळ्या सतरंजीला फुटलं. एक बाई तर भिंतीला टेकून खाली घसरली. अंगणवाडीच्या बाईंनी हसू दाबायला वही तोंडावर धरली होती. मामा मात्र हसले नाहीत. ते उठून टेबलापाशी गेले, कागद घेतला आणि उभ्याउभ्याच राजीनामा लिहिला. अक्षर नेहमीसारखंच वळणदार. खाली सही, तारीख. कागद त्यांनी बाईंच्या हातात दिला.

आता माझं हसू गेलं. ज्या कामासाठी ह्या माणसाने रिटायर झाल्यावरची सकाळ-संध्याकाळ घातली, शिव्या खाल्ल्या, ते काम आम्ही दोघींनी चेष्टेपायी घालवलं असं मला वाटलं. आत्याचाही चेहरा उतरला. ती पुढे होऊन म्हणाली, "मास्तर, चूक माझी हाय. पोरीला बोलू नका."

बाईंनी राजीनामा दोनदा वाचला. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "दोन वर्सं तुमी रोज पिऊन हितं सभा घेतल्या. एका तरी सभेत तुमचा तोल गेला का?"

"न्हाई," बायका म्हणाल्या.

"कुणाला शिवी दिली? काकींवर हात उचलला?"

"न्हाई."

"मग आमची तक्रार न्हाई. आमची तक्रार ज्यांचा तोल जातो त्यांच्याबद्दल हाय." त्यांनी कागदाची घडी घालून मामांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. "हे ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. मतदान व्हईस्तवर आमाला अध्यक्ष बदलता येत न्हाई. आन काकी, ते पुसायला फडकं द्या, सतरंजी खराब व्हईल."

बायकांनी पदर खोचले आणि सगळ्यांनी मिळून आतली खोली धुतली. जांभळाचे डाग काही वाश्यांवरून गेले नाहीत. माझ्या दोन जाड बाटल्यांचं काय झालं असं मी नंतर आत्याला विचारलं. "ओतून टाकल्या," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता पटकन विषय बदलला. मीही जास्त खोलात गेले नाही.

मतदान झालं. आडवी बाटली जिंकली, दुकान बंद झालं. मामांचा गावाने नारळ देऊन सत्कार केला. पण ते माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. औषधही बंद केलं. पोट पुन्हा तक्रार करायला लागल्याचं आत्याने कळवलं, पण मामा सोडा-लिंबावर भागवत होते.

दिवाळी झाल्यावर एके दिवशी फॅक्टरीच्या गेटवरून मला निरोप आला, शिनोलीचे पाहुणे आलेत. जाऊन बघते तर मामा. पांढरा लेंगा-सदरा, टोपी, काखेत वही. मागे आत्या, नवं लुगडं नेसून, प्रदर्शनाला आल्यासारखी.

"मला समजून घ्यायचं आहे," मामा म्हणाले. दोन महिन्यांनंतरचं त्यांचं हे पहिलं वाक्य. "मी काय पीत होतो ते मला माहीत पाहिजे. अज्ञानात विरोध करणं बरं नाही."

साहेबांची परवानगी काढून मी दोघांना आत नेलं. मामांनी टाकीला कान लावला. बादलीतले बुडबुडे बघितले. प्रत्येक ठिकाणी वही उघडून टिपून घेतलं. तळघराच्या दारावर पाटी होती, 'आत मोठ्याने बोलु नये.' मामांनी खिशातलं पेन काढून तिथल्या तिथे लु दीर्घ केला आणि मगच पायऱ्या उतरले. खाली बाटल्या फिरवणारा भाऊ काम करत होता. मामांनी त्याला विचारलं, "दिवसाला किती होतात?"

"मोजत न्हाई गुरुजी. मोजलं का हात थांबतो."

मामांना ते उत्तर फार आवडलं. तेही त्यांनी लिहून घेतलं.

शेवटी साहेबांनी आम्हाला चाखायच्या खोलीत बसवलं. टेबलावर दोन ग्लास आले, एकात साधी पांढरी वाईन, दुसऱ्यात फसफसणारी. शेजारी स्टीलची बादली. साहेबांनी समजावलं की चाखणारा माणूस पीत नाही. घोट तोंडात फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा. पोटात काही जात नाही.

"काहीच नाही?" मामांनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग याला पिणं म्हणता येणार नाही," मामा म्हणाले, आणि आत्याकडे साक्षीदाराकडे बघावं तसं बघितलं.

साध्या वाईनीचा घोट त्यांनी घेतला, गालांतून फिरवला, शांतपणे बादलीत थुंकला. रुमालाने ओठ पुसून म्हणाले, "आंबट. थोडी तुरट. सरळ स्वभावाची आहे." वहीत लिहिलं.

मग दुसरा ग्लास. आधी तो त्यांनी कानाशी धरला आणि बराच वेळ ऐकत राहिले. आतून बारीक चुरचुर येत होती, गरम तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तशी. मग घोट घेतला. त्यांच्या भुवया टोपीपर्यंत गेल्या. गाल फुगले. डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी बादली पुढे सरकवली. मामांनी बादलीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि त्यांचा कंठ एकदा वर जाऊन खाली आला.

"मास्तर," आत्या म्हणाली, "थुकायचं ऱ्हायलं."

मामांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाले, "बुडबुडे आहेत. ते थुंकता येत नाहीत."

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. वाईनीबद्दल कुणीही काहीही बरोबर बोललं की ते तशी मान हलवायचे. आत्या मात्र पदर तोंडात कोंबून खोलीबाहेर पळाली, आणि तिच्या मागोमाग मी.